देवाला पत्ता माहीत आहे

नगर जिल्ह्यातल्या एका भगिनीचं पत्र आलं आहे. सहा पानांचं आहे, म्हणून गाभा तेवढा देते. त्या लिहितात : "लग्न होऊन आले तेव्हापासून, म्हणजे बावीस वर्षं, मी आमच्या चर्चच्या मंडळीत महिला संघाचं काम करते. रविवारची उपासना सहसा चुकत नाही. पहाटे पाचला उठून शास्त्र वाचते, प्रार्थना करते. यंदा भस्म बुधवारपासून, म्हणजे ईस्टरआधीचे उपवासाचे दिवस लागल्यापासून, एक वेळचा उपवासही धरला आहे. पण गेले सात-आठ महिने प्रार्थनेला बसलं की भिंतीशी बोलल्यासारखं वाटतं. गेल्या जुलैत आमच्या घरी प्रार्थनासभा होती. तेव्हा माझ्या जाऊबाईंच्या घरातली एक गोष्ट मी प्रार्थनेचा विषय म्हणून सांगितली. आठवड्याभरात ती फिरून त्यांच्या कानावर गेली, तीही तिखटमीठ लावून. तेव्हापासून त्या माझ्याशी बोलत नाहीत, चर्चलाही येत नाहीत. मी खोटं एक अक्षर बोलले नव्हते, आणि प्रार्थनेसाठीच सांगितलं होतं. यात माझं काय चुकलं? आणि देव माझ्यापासून दूर का गेला?"

प्रिय ताई,

प्रभू येशूच्या नावात सलाम.

तुमच्या सहा पानांपैकी साडेचार पानं जाऊबाईंवर आहेत. त्या घरात काय झालं, केव्हा झालं, कोणामुळे झालं, हे आता पुण्यात बसलेल्या मलाही ठाऊक झालं आहे. जाऊबाईंनी मला ते सांगितलेलं नाही. तुमच्या पहिल्या प्रश्नाचं अर्धं उत्तर इथेच आलं.

खोटं बोलले नव्हते, असं तुम्ही दोनदा लिहिलंय आणि दुसऱ्यांदा खाली रेघ मारली आहे. माझा विश्वास आहे तुमच्यावर. वसईची माझी एक कॅथलिक मैत्रीण आहे, तिच्याकडून मला एक गोष्ट कळली. त्यांच्या धर्मशिक्षणात दुसऱ्याबद्दल पाठीमागे बोलण्याच्या पापाचे दोन वेगळे प्रकार मांडलेले आहेत. एखाद्याबद्दल खोटं सांगून त्याचं नाव खराब करणं हा एक. आणि त्याचा खरा दोष, खरी अडचण, काही रास्त कारण नसताना ज्यांना माहीत नव्हती त्यांना सांगणं हा दुसरा. दुसऱ्यात सगळं खरंच असतं, तरी तो पापातच मोडतो. आपल्या प्रॉटेस्टंट मंडळ्यांमध्ये ही वाटणी इतकी स्पष्ट शिकवली जात नाही, म्हणून "खरं तेच सांगितलं" म्हटलं की आपल्याला सुटल्यासारखं वाटतं.

मी तुम्हाला वरून बोलतेय असं वाटायला नको, म्हणून माझंच एक सांगते. मी सदतीस वर्षं नर्स होते. नोकरीच्या सुरुवातीच्या काळात एका रुग्णालयात स्त्रियांच्या वॉर्डात होते. तिथल्या एका पेशंटबद्दल मी ड्यूटी रूममध्ये डबा खाताना दुसऱ्या सिस्टरला सांगितलं, आणि शेवटी जोडलं, "तिच्यासाठी प्रार्थना कर गं." दार नुसतं लोटलेलं होतं. बाहेर बाकावर त्या बाईची सासू बसली होती. जे त्या पोरीने घरात कोणालाच सांगितलं नव्हतं ते सासूला कळलं, आणि तेही भाकरीचा घास तोंडात असलेल्या माझ्याकडून.

संध्याकाळच्या राउंडला मी तिच्याजवळ गेले, माफी मागितली. ती भिंतीकडे तोंड करून पडली होती. म्हणाली, "सिस्टर, तुम्ही इंजेक्शन द्या आणि जा." मी इंजेक्शन दिलं आणि गेले. तिसऱ्या दिवशी तिला डिस्चार्ज मिळाला. पुन्हा भेट नाही.

त्या रात्री हॉस्टेलवर गुडघे टेकले, प्रभूची प्रार्थना म्हणायला लागले आणि "जसे आम्ही आपल्या ऋण्यांस ऋण सोडले आहे" इथे अडकले. लहानपणापासून रोज म्हटलेली ओळ. कोण माझा ऋणी? त्या खोलीत तर मीच एकीची ऋणी होते, आणि ती सूट द्यायला तयार नव्हती. ती द्यायला बांधील पण नव्हती. पुढे जाता येईना. मग नुसतं म्हटलं, "देवा, मी बोलले." एवढंच. त्याआधी कित्येक महिने माझ्या प्रार्थना लांबलचक आणि व्यवस्थित होत होत्या. पण देवाला ऐकू गेली असं मला मनापासून वाटलेली ती बऱ्याच दिवसांतली पहिलीच.

आता तुमच्या भिंतीबद्दल. ताई, प्रार्थना कोरडी पडण्याची कारणं पुष्कळ असतात. झोप कमी असते, थायरॉइड असतं, पाळी जायचं वय असतं, दुःख असतं, आणि कधी काहीच कारण नसतं. मोठमोठ्या भक्तांनी वर्षानुवर्षं तो कोरडेपणा सोसला आहे. तेव्हा कोरडं वाटतं म्हणजे पापच केलं असणार, असं मी कोणालाच सांगणार नाही. तुम्हाला वेगळं लिहितेय, कारण सात-आठ महिने आणि जुलै या दोन गोष्टी तुम्हीच एका परिच्छेदात शेजारी शेजारी ठेवल्या आहेत. तुमच्या मनाला जोड कळलेली आहे.

बायबलमधल्या यशयाच्या पुस्तकाचा 58 वा अध्याय काढा. उपवासावरचा आहे, म्हणजे तुमच्या या दिवसांचाच. तिथे लोक देवाला जवळजवळ हेच विचारतात, की आम्ही उपास केले आणि तू पाहिलंही नाहीस, हे कसं? उत्तरात देव त्यांना उपवासाची रीत शिकवत बसत नाही. तुम्ही उपास करता आणि भांडता, असं तोंडावर सांगतो. भुकेल्याला जेवू घालणं, दबलेल्याला मोकळं करणं, हे सगळं त्यात आहेच, पण 9 व्या वचनात दोन गोष्टी अगदी घरगुती आहेत : बोट दाखवणं बंद कर आणि वाईट बोलणं बंद कर. मग तू हाक मारशील आणि मी उत्तर देईन, असं वचन त्याच्याच जोडीला आहे.

हा मोबदला आहे असं समजू नका, की इकडे माफी टाकली आणि तिकडून शांती बाहेर आली. मला यात वेगळंच काही दिसतं. जुलैपासून तुमच्या डोक्यात एक कैफियत चालू आहे. मी प्रार्थनेसाठी सांगितलं, मी खरं सांगितलं, पुढे नेलं दुसऱ्यांनी, त्यांनी एवढं मनाला लावून घ्यायला नको होतं. भाकऱ्या थापताना, बसमध्ये, रात्री कूस बदलताना ती चालू असणार. मग पहाटे पाचला तेच तोंड घेऊन तुम्ही देवासमोर बसता. शब्द स्तुतीचे असतात, पण आत वकिली चालू असते, आणि वकिली करणाऱ्याला समोरचा काय म्हणतो ते ऐकू येत नाही. मला तरी येत नव्हतं.

म्हणून मत्तयाच्या शुभवर्तमानातल्या 5 व्या अध्यायातली येशूची ती दोन वचनं, 23 आणि 24, पुन्हा सावकाश वाचा. वेदीपाशी अर्पण घेऊन उभा आहेस आणि तिथे आठवलं, तर अर्पण तिथेच ठेव, आधी जाऊन समेट कर. आपण हे वाचताना एक शब्द हमखास उलटा वाचतो. तुझ्या मनात भावाविरुद्ध काही असेल तर, असं नाही लिहिलेलं. भावाच्या मनात तुझ्याविरुद्ध काही असेल तर, असं आहे. कोणाचं चुकलं हा हिशेब तिथे मांडलेलाच नाही. आणि येशूचं हे ऐकणारे गालील प्रांतातले होते. वेदी होती यरुशलेमेत, तीन-चार दिवसांच्या पायवाटेवर. म्हणजे अर्पणाचं जनावर मंदिरात सोडून घरी परत जा, भावाशी बोल आणि पुन्हा चालत ये. ऐकणाऱ्यांना हसू आलं असेल, किंवा घाम फुटला असेल. तुमच्या जाऊबाईंचं घर तुमच्या पत्रावरून गल्ली ओलांडून आहे.

जाल तेव्हा एकट्या जा. महिला संघाच्या दोघी बरोबर नकोत, पाळकसाहेब नकोत, आणि कृपा करून बायबल हातात घेऊन जाऊ नका. दुपारी जा, घरात पुरुषमाणसं नसतात तेव्हा. "माझं चुकलं, ती गोष्ट तुमची होती, मी ती सांगायला नको होती" एवढं म्हणा. पुढे "पण" आला की थांबा. तुमच्या जिभेवर "पण मी प्रार्थनेसाठीच" तयार आहे, मला तो इथपर्यंत दिसतोय. तो गिळा. चर्चला या, असंही त्या दिवशी म्हणू नका. नाही तर त्यांना वाटेल, ही रजिस्टर भरायला आली आहे. त्यांनी दार लावलं तर लावू दे. चिडून काही बोलल्या तर ऐकून घ्या, आणि ते घरी येऊन भावजींना किंवा आणखी कोणाला सांगू नका. तुमच्या नवऱ्यालासुद्धा नाही.

एक गोष्ट मात्र त्यांना विचारा. जुलैच्या सभेत ज्या बायका होत्या त्यांना मी सांगू का, की ते मी बोलायला नको होतं आणि तुम्हीही पुढे नेऊ नका? त्या हो म्हणाल्या तर सांगा, तेवढ्याच शब्दांत. नको म्हणाल्या तर नका सांगू. आपल्या मनाचं ओझं हलकं करायला भर सभेत उभं राहून रडत कबुली देणं म्हणजे तीच गोष्ट दुसऱ्यांदा सांगणं. मी असे प्रसंग पाहिले आहेत. सगळ्यांचे डोळे पाणावतात आणि घरी जाताना सगळ्या विचारतात, "नक्की काय झालं होतं गं?"

मला अशा वेळी मोनिका आठवते. संत ऑगस्टीनची आई, चौथ्या शतकातली. आज जिथे अल्जीरिया आहे तिथल्या थागास्ते गावातली. तिचं आयुष्य वाचताना मला दर वेळी आपल्याच एखाद्या एकत्र कुटुंबात शिरल्यासारखं होतं. नवरा तापट. घरातल्या मोलकरणी सासूचे कान भरायच्या, त्यामुळे सासूचं मन सुनेविरुद्ध गेलेलं. मोनिकाने उलट चहाड्या केल्या नाहीत. मान ठेवून, सोसून, नेटाने सासूला आपलंसं केलं. इतकं की शेवटी सासूनेच मुलाला सांगितलं, या बायका लावालावी करतात म्हणून. (पुढे त्या मोलकरणींना फटके बसले. तो भाग मला आवडत नाही, पण ऑगस्टीनने लपवलेला नाही.)

खरी गोष्ट पुढेच आहे. दोघांचं वाजलं की दोन्ही बाजूच्या बायका मोनिकाकडे येऊन मन मोकळं करायच्या. एकमेकींबद्दल अगदी कडू बोलायच्या. ती दोघींचं ऐकून घ्यायची आणि एकीचं दुसरीला तेवढंच सांगायची ज्याने त्या जवळ येतील. बाकीचं तिच्यापाशीच राहायचं. ऑगस्टीन लिहितो की मला हा गुण लहानसा वाटला असता, पण रागात बोललेलं रागावलेल्या माणसाकडे पोचवणारे, वर न बोललेलंही जोडणारे लोक मी इतके पाहिले आहेत की आता तसं वाटत नाही. आणि हे तिला कोणी शिकवलं, तर अंतःकरणाच्या शाळेत देवानेच शिकवलं, असं तो म्हणतो. म्हणजे ज्या बाईच्या प्रार्थनांबद्दल आपण इतकं ऐकतो, मुलासाठी वर्षानुवर्षं रडून केलेल्या, तिच्या जिभेबद्दलही मुलाने आवर्जून लिहून ठेवलं. पुढे बिशप झाल्यावर त्याच्या जेवणाच्या टेबलावरच दोन ओळी कोरलेल्या असायच्या, की पाठीमागे निंदा करायची असेल त्याने या टेबलाला आपली जागा नाही असं समजावं. एकदा काही ओळखीचे बिशप जेवताना घसरले, तेव्हा तो चिडून म्हणाला, एक तर त्या ओळी पुसून टाका नाही तर मी उठून खोलीत जातो. त्याच्याबरोबर राहिलेल्या पॉसिडियसने ही आठवण नोंदवली आहे. आपल्याकडे बिशपांनाच सांगायची वेळ येते म्हटल्यावर तुम्ही-आम्ही कोण!

आता प्रार्थनासभेचं. तुमच्या हातात ती सभा आहे, म्हणून थोडं लांबवते. आपल्या मंडळ्यांमध्ये "प्रार्थनेचा विषय" हे शब्द उच्चारले की पुढे काहीही बोलायचा परवाना मिळतो. हल्ली तर व्हॉट्सअॅप ग्रुपवर नावासकट आजार येतात, रिपोर्टचे फोटो येतात. एकदा माझ्या फोनवर कोणाच्या तरी सुनेची सोनोग्राफी आली होती, खाली जोडलेले हात तीन वेळा. त्या सुनेला विचारलं होतं का कोणी? नर्स म्हणून सांगते, तो कागद तिचा आहे.

पुढच्या वेळी असं करून बघा. ज्याची गोष्ट आहे त्याने हो म्हटलं असेल तरच नाव घ्यायचं. नसेल तर, "एका घरासाठी प्रार्थना करू या" एवढंच. देवाला पत्ता माहीत आहे. कोणी विचारलंच, "कोणाचं घर?" तर पुढच्या विनंतीकडे वळा. सुरुवातीला सभा रुक्ष वाटेल. दोघी-तिघी यायच्या बंदही होतील, आणि त्या का येत होत्या ते तुम्हाला कळेल. नीतिसूत्रांत म्हटलं आहे की कानगोष्टी चविष्ट घासांसारख्या असतात, आत खोल उतरतात. उपवासात आपण भाकरी सोडतो आणि हा घास चालू ठेवतो.

बरं, भस्म बुधवारपासून ईस्टरच्या आदल्या दिवसापर्यंत मोजलं तर 46 दिवस भरतात. मधले सहा रविवार पुनरुत्थानाचे म्हणून उपवासात धरत नाहीत, तेव्हा कुठे चाळीस होतात. पोटाला ती सवलत जरूर घ्या. जिभेला देऊ नका. उपासना संपल्यावर चर्चच्या दाराशी चपला शोधताना आपण काय काय बोलतो, ते त्या चपलांना ठाऊक.

यावरून तोंडाला कुलूपच घालायचं, असा अर्थ काढू नका. कोणी बाईला मारतंय, एखाद्या मुलाला त्रास होतोय, मंडळीच्या पैशात कोणी हात घालतोय, तर गप्प बसणं हा गुण नव्हे. तिथे बोलावंच लागतं, पण जो काही करू शकेल त्याच्याकडे जाऊन. पोलीस, डॉक्टर, पंच, ज्याचं काम त्याच्याकडे. चहा आणि खाऱ्या बिस्किटांसोबत बारा बायकांमध्ये नव्हे. तुमच्या जाऊबाईंची गोष्ट यातली नव्हती, हे मी वाचून सांगू शकते. (मत्तय 18 मध्येही आधी एकट्याने त्याच्याकडे जा, मग एक-दोघांना घे, आणि सगळ्यात शेवटी मंडळी, असाच क्रम आहे. आपण बरोबर खालून सुरू करतो.)

राहिली पहाटेची प्रार्थना. काही दिवस ती छोटी करा. तुमच्यासारखी सभेत प्रार्थना चालवणारी बाई एकांतातही सभेचीच भाषा बोलू लागते : हे दयाळू, कृपाळू, सर्वसमर्थ स्वर्गीय बापा, या सुंदर सकाळीबद्दल आम्ही तुझे अत्यंत आभारी आहोत. खोलीत एकट्या असता आणि "आम्ही" म्हणता! पंडिता रमाबाईंनी पुणे जिल्ह्यातल्या केडगावला बसून मूळ हिब्रू आणि ग्रीकवरून सबंध बायबल मराठीत आणलं ते खेड्यातल्या साध्या बाईला कळावं म्हणून. 1922 मध्ये त्या गेल्या, त्याच्या आधी ते काम त्यांनी हातावेगळं केलं. ती साधी बाई आपणच आहोत. मराठीत आपण देवाला "तू" म्हणतो, आईला म्हणतो तसं. आईला कोणी "अत्यंत आभारी आहोत" म्हणतं का?

तेव्हा उद्या पहाटे उठलात की स्तोत्र 141 चं तिसरं वचन तेवढं वाचा. तोंडावर पहारेकरी बसव, असं मागणं आहे त्यात. मागणारा स्वतःच्या जिभेची खात्री देत नाही, देवाकडे राखण मागतो. मग दिवा लावायचा असेल तर लावा, नसेल तर अंधारात बसा, आणि काल दिवसभरात कोणाबद्दल काय बोललात ते आठवा. नाव आणि वाक्य, दोन्ही. देवाला समजावून सांगू नका, त्याने ऐकलेलंच आहे. सांगताना तुमच्या आवाजात "पण" आला तर तिथेच थांबून पुन्हा सुरू करा. मला पहिल्या आठवड्यात पाच-पाच वेळा सुरू करावं लागायचं. नंतर काही न बोलता थोडा वेळ बसा. भिंत वाटली तर भिंतीसमोर बसा. दूध तापायच्या आत उठलात तरी चालेल.

जाऊबाईंकडे जाऊन आल्यावर मला कळवा. काय झालं ते नको, फक्त जाऊन आले एवढं लिहा. तुमच्या पत्रातली साडेचार पानं मी फाडून बंबात टाकली आहेत, आमच्याकडे अजून पाण्याचा बंब आहे. पुढचं पत्र पोस्टकार्डावर मावेल.

तुमची,
ताई